पडद्यावरचे आशीर्वाद

लग्नात तारा वाचून दाखवणारा एक काका प्रत्येक घराण्यात असे. बड्या पाहुण्याची तार आधी, गरीब मावशीची शेवटी, हे त्याला शिकवावे लागत नसे. मजकूर बहुधा एकच. तारखात्याने शुभेच्छांना आकडे देऊन ठेवले होते, त्यांत लग्नाचा आकडा ८. तरी काका दर वेळी नव्या उमाळ्याने वाचत.

२०१३ च्या जुलैत तारसेवा संपली. काकांची गादी कुणाकडे गेली, हे मला गेल्या वर्षी उरणजवळच्या द्रोणागिरीत एका हळदीला कळले. मांडवात भला मोठा पडदा. पाहुण्यांनी मोबाइलवरून मजकूर धाडायचा, तो वर उमटायचा. आपोआप नव्हे हो! मागे लॅपटॉप घेऊन बसलेला विशीतला पोरगा प्रत्येक ओळ आधी वाचतो. मित्रांचे चावट विनोद निमूट पुसतो, पुढाऱ्याचा संदेश दोनदा सोडतो. म्हणजे काकाच की! आवाज तेवढा नाही.

पडद्याखाली धवलारीण बसली होती. आगरी लग्नातले सारे धवले तिला तोंडपाठ. अक्षरओळख मात्र नाही. एवढ्यात नवरीच्या जहाजावरच्या भावाचा मजकूर झळकला.

"काय लिवलंय, बाबा?"

मी वाचू लागलो, "ताई, माझ्या वाटचंही नाच—" तोवर ती ओळ सरकली आणि तिथे कुणा साहेबांचे अभिनंदन आले.

"फुडं?" ती म्हणाली.

मी उठून पोराकडे गेलो. त्याने मजकूर परत आणला. माइक मी घेतला.