तिसऱ्या खेपेची कमान

ओढ्याकडची माझी ताल दोन पावसाळे लागोपाठ वाहून गेली. दुसऱ्या खेपेला वाटले, पुरे झाले! अशा वेळी मला वेल्समधल्या विल्यम एडवर्ड्सची गोष्ट आठवते. तीच आज तुम्हांला सांगतो.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. तेथे १७१९ साली एका शेतकऱ्याच्या घरी विल्यम जन्मला. शेतातल्या दगडी गडग्यांची डागडुजी करता करता आणि गवंड्यांचे काम पाहता पाहता त्याचा हात बसला. पुढे पाँटिप्रिड येथे टॅफ नदीवर पूल बांधण्याचे काम त्याने अंगावर घेतले. पूल सात वर्षे टिकेल अशी हमीही दिली.

पूल झाला. दोन-अडीच वर्षांतच मोठा पूर आला. उन्मळलेली झाडे पात्रातल्या खांबांना अडकली, पाणी तुंबले आणि पूल गेला.

दुसऱ्या खेपेला त्याने पात्रात खांबच ठेवला नाही. १४० फुटांची एकच कमान टाकली. पण कमानीचे खांदे जड आणि माथा हलका! बांबूची ओली कांब वाकवून दोन्ही बाजूंनी दाबा, मधला भाग वर उचलतो. तसेच झाले. माथ्याचे दगड वर निसटले आणि कमान कोसळली.

तिसऱ्या खेपेला त्याने खांद्यांचा भार कमी केला. दोन्ही बाजूंना ९, ६ आणि ३ फूट व्यासाची तीन-तीन आरपार गोल भोके ठेवली. १७५६ साली पुरी झालेली ती कमान आजही उभी आहे. चढ फार असल्याने गाड्यांचे हाल होत, म्हणून १८५७ साली शेजारी सपाट पूल झाला. जुन्यावरून माणसे अजून पायी जातात. विल्यमने शेती मात्र जन्मभर सोडली नाही.

वाचकहो, तो नुसता चिकट नव्हता. पडलेले काम कशाने पडले, हे त्याने दर वेळी शोधले. मी मात्र तेच दगड त्याच जागी रचत होतो. यंदा ताल उंच केली नाही. पाण्याला सांडवा काढून दिला. आता मृगाची वाट पाहतो आहे.