धर्मपिंड

अनंत चतुर्दशीला ठाणे-कल्याणच्या तलावांत आणि खाडीत गणेशमूर्तींचे विसर्जन झाले, पौर्णिमा सरली, की भाद्रपदाचा कृष्णपक्ष लागतो, आणि आदल्या आठवड्यात ढोलताशांनी दुमदुमलेल्या डोंबिवलीच्या गच्च्यांवर भर दुपारी खीर, भरडाचे वडे, आमसुलाची चटणी वाढलेली पाने कावळ्याची प्रतीक्षा करीत राहतात. कोकणातून आणि देशावरून चाकरीनिमित्त आलेल्या ज्या कुटुंबांनी ही शहरे वाढविली, त्यांची घरे, शेते, सातबारे मागे राहिले. पितरांच्या तिथी मात्र त्यांनी जिवापाड जपून आणल्या, हे मला या वसाहतींचे खरे वैभव वाटते.

जपानात असाच काळ ओबोनचा. बहुतेक प्रांतांत ऑगस्टच्या 13 तारखेच्या सुमारास दारी अग्नी पेटवून पितरांना वाट दाखवितात. त्यांनी त्वरेने यावे म्हणून काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात, आणि परतताना त्यांनी रेंगाळत, सावकाश जावे म्हणून वांग्याची गाय. निरोपासाठी 16 तारखेच्या रात्री क्योतोच्या पाच डोंगरांवर प्रचंड अग्निचिन्हे प्रज्वलित होतात, अन्यत्र कागदी दिवे नदीत सोडतात. या विधीच्या मुळाशी प्रेतलोकात क्षुधित असलेल्या आपल्या मातेला भिक्षुसंघाच्या अन्नदानाने सोडविणाऱ्या मौद्गल्यायनाची, बुद्धाच्या शिष्याची, कथा आहे. आणि ज्यांना कोणी आप्त नाही अशा भुकेल्या आत्म्यांसाठीही तेथील बौद्ध मंदिरांतून अन्न अर्पण करतात.

आपल्या पितृपक्षातील महालय श्राद्धातही पिता, पितामह, प्रपितामह, मातामह, चुलते, आत्या, मावश्या, गुरू, मित्र असे सर्वांचे स्मरण करीत शेवटी धर्मपिंडाशी थांबतात. महसुली दप्तरातील वारसनोंदीत हक्क सांगणाऱ्याचेच नाव चढते; येथे मात्र ज्याच्यामागे हक्क सांगणारा कोणीच उरला नाही त्याचाही हिस्सा काढलेला असतो, आणि सबंध श्राद्धविधीत मला हाच भाग सर्वांत थोर वाटतो.

कारण ठाणे-कल्याणच्या आपल्या लोहमार्गावर दरसाल माणसे मरतात. त्यांतल्या कित्येकांची ओळख पटत नाही, पंचनामा होतो, बेवारस अशी नोंद होते, आणि कोणाच्या तरी गावी कोणी तरी वाट पाहत राहते. तेव्हा वाचकहो, सर्वपित्री अमावास्येला आपल्या वाडवडिलांचे पान वाढाल, त्या वेळी ठाण्या-कल्याणच्या रुळांवर अनाम गेलेल्या या माणसांसाठीही एक घास अवश्य काढून ठेवा.