रोमात बसलेले श्रोते

नातीकडून एक नवा शब्द कानी आला : रोम. जपानात संगणकावरच्या मंडळांत जो नित्य येतो, सगळे वाचतो, पण स्वतः अक्षरही लिहीत नाही, त्याला हे नाव. ‘रीड ओन्ली मेंबर’ची ही आद्याक्षरे. संगणकाच्या नुसत्या वाचावयाच्या स्मृतीलाही रोमच म्हणतात, त्यावरची ही कोटी. नवखा उतावीळपणे बोलू लागला की जुने म्हणतात, आधी सहा महिने रोम हो. आपली मायबोलीवरची मराठी मंडळीही ‘मी रोमात असतो’ असे लिहितात. आपल्याकडे रोम म्हणजे अंगावरचा केस. कीर्तनात रोमांच उभे राहतात, त्यांचा आवाज कुठे होतो?

हे निघाले आमच्या सप्ताहाच्या व्हॉट्सॲप गटावरून. वेल्ह्याकडच्या तरुणांचे म्हणणे, जे ‘रामकृष्ण हरी’लाही उत्तर देत नाहीत त्यांची नावे काढावीत.

मी भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत, गुंजवणीकाठी, नीरेकाठी, चाळीस वर्षे कीर्तन केले. पुढच्या ओळीत माना डोलावणारे असतातच. पण खांबाआड दिवसभर भाताची आवणी करून आलेल्या बाया बसत. टाळी नाही, गजरात सूर नाही. वेळेअभावी दृष्टांत आवरता घेतला, की दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्याच विचारीत, “बुवा, त्या राजाचं पुढं काय झालं?” डोलणाऱ्यांपैकी कुणी हे विचारल्याचे मला स्मरत नाही.

नवविधा भक्तीत श्रवण पहिले, कीर्तन त्यानंतर. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानोबाराय श्रोत्यांकडे अवधान मागतात, ‘वाहवा’ मागत नाहीत.

तरुणांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. खांबाआडची माउली निदान दिसते, फोनवरची ऐकते की निजली ते कळत नाही. म्हणून मी चौकशी केली. एका आजींचा फोन मुलाच्या खिशात असतो. रात्री तो कामावरून आला की सगळे वाचून दाखवतो. दुसरे एक वारकरी, अक्षरओळख नाही, शेजाऱ्याकडून ऐकतात. ही दोन्ही नावे काढायच्या यादीत होती.

यादी तूर्त बाजूला ठेवली आहे. त्यांच्यातल्याच एका मुलाने आता पारायणाच्या वेळा लिहिण्याबरोबर बोलूनही पाठवायला घेतल्या आहेत.