कसा काय वाटला?

चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या माणसाला "कसा काय वाटला?" असें विचारलें, कीं तो क्षणभर थांबतो, मान थोडी तिरकी करतो आणि "बरा आहे" एवढें म्हणून चालूं लागतो. ह्या दोन शब्दांवर कोणत्याहि परीक्षणकाराचें पोट भरणार नाहीं. मासिकांच्या शेवटच्या पानांवर जीं परीक्षणें येतात, त्यांत कथेपासून पार्श्वसंगीतापर्यंत सर्वांचा हिशेब यथासांग मांडलेला असतो. तीं मी आवडीनें वाचतों. परंतु खरें सांगावयाचें, तर ज्या परीक्षकाच्या मताची मी आठवडाभर वाट पाहतों, त्यानें चित्रपटावर जन्मांत एक ओळहि लिहिलेली नाहीं. तो दौंडला राहतो, रेल्वेंतून गार्ड म्हणून निवृत्त झाला आहे आणि तो माझा थोरला भाऊ आहे.

दर रविवारीं रात्रीं नऊच्या सुमारास त्याचा फोन येतो. मी शिरूरला असतों. जुनीं माणसें ज्याला अजून घोडनदी म्हणतात, तेंच हें शिरूर. "काय पाहिलेंस?" हा दादाचा पहिला प्रश्न. प्रकृति, पाऊसपाणी, मुलेंबाळें हे विषय मागाहून येतात. कधीं येतहि नाहींत. मी जें पाहिलें असेल तें सांगतों, माझें मत देतों, आणि मग त्याच्या मताची वाट पाहतों. दौंड हें जंक्शन. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला तेथें दिशा बदलावी लागत असे. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावीत आणि तोंपर्यंत मागें असलेला डबा पुढें होई. आतां वळणमार्ग झाला आहे व कांहीं गाड्या दौंड स्थानकांत न शिरतांच निघून जातात. दादाचें बोलणें मात्र अजून जुन्याच रीतीनें चालतें. आपण एका दिशेनें भरधांव जात असतां तो निमूटपणें इंजिन दुसऱ्या टोकाला जोडतो.

'लापता लेडीज' हा २०२४ सालचा हिंदी चित्रपट पुष्कळांनीं पाहिला असेल. डोक्यावरून घेतलेल्या घुंगटामुळें एक तरुण भलतीच नवरी घेऊन आगगाडींतून उतरतो, आणि त्याची खरी नवरी दुसऱ्याच एका स्थानकावर एकटी राहते. ऑस्करसाठीं भारतातर्फें त्याची निवड झाली तेव्हां वर्तमानपत्रांतून स्त्रीजीवनाच्या दृष्टीनें त्यावर बरेंच लिहून आलें. मीहि तसेंच कांहींसें फोनवर बोललों. दादानें सगळें ऐकून घेतलें आणि तो म्हणाला, "ह्यांत अशक्य असें कांहीं नाहीं. अडतीस वर्षें मीं पाहिलें आहे. उतरतांना लोक सामान मोजतात. माणसें मोजीत नाहींत."

'पंचायत' ह्या मालिकेविषयीं मी म्हणालों, कीं फुलेरा गांवीं उशाला परीक्षेचीं पुस्तकें घेऊन दिवस काढणारा तो सचिव म्हणजे मीच. नोकरीच्या आरंभीं दोन वर्षें मी बदलीचा अर्ज खिशांत घेऊन शाळेंत जात असें. दादानें विचारलें, "मग दिलास का तो अर्ज?" "नाहीं." "मग त्या सचिवाला कशाला हंसतोस?" संध्याकाळच्या कौटुंबिक मालिकांबद्दल त्याचें मत याहून थोडक्यांत आहे. त्या वहिनी पाहतात आणि दादा वर्तमानपत्राआडून ऐकतो. "एक पात्र सोमवारीं दार उघडायला उठतें, तें गुरुवारीं दारापाशीं पोहोंचतें. आमची पॅसेंजर याहून लौकर मनमाड गांठीत असे."

मत देण्याची ही संवय आम्हां दोघांना फार लहानपणीं लागली. आसपासच्या गांवांच्या यात्रांतून तेव्हां तंबूंतला सिनेमा येई. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' १९७१ सालचा. आमच्या यात्रेपर्यंत पोहोंचायला त्याला आणखी एकदोन वर्षें लागलीं असावींत. जमिनीवर बसावयाचें, पाठीमागें यंत्राची घरघर, मध्येंच फीत तुटली कीं शिट्ट्यांचा पाऊस. परंतु माझ्या आठवणींत चित्रपटाहून अधिक राहिली आहे ती नंतरची पायवाट. अंधारांत चालतां चालतां दादा आणि त्याचे मित्र कोण बरोबर वागला, कोण चुकला याचा निकाल लावीत, आणि मी त्यांच्या मागून धांवत माझेंहि एक मत त्यांत ढकलण्याची संधि शोधीत असें. आई तंबूंत कधींच आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती भाकऱ्या थापीत असे आणि दादा चुलीपाशीं बसून तिला सारी गोष्ट सांगे. तमाशा पाहून आलेल्या भोळ्या नाम्याला त्याची आई घराबाहेर काढते, येथवर गोष्ट आली तेव्हां भाकरी उलटतां उलटतां आई म्हणाली, "आईचं काही चुकलं नाही." तिनें तो चित्रपट पाहिला नव्हता, पण तिचें मत आम्हांला मान्य करावें लागलें, कारण भाकऱ्या तिच्याच हातीं होत्या.

पुढें दादा रेल्वेंत लागला आणि दौंडला गेला. १९८७ च्या जानेवारींत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालें, तेव्हां आमच्या आळींत एकच संच होता. रविवारीं सकाळीं त्या घरांत पाय ठेवायला जागा उरत नसे. दादा सुटी काढून आला, कीं मालिका संपल्यावर ओट्यावर खरी सभा भरे आणि कैकेयीला दोष द्यावा कीं मंथरेला, यावर दुपारचें जेवण लांबे. वडील सर्वांचें ऐकून घेत व शेवटीं दादाकडे वळून म्हणत, "तुला काय वाटतं?" घरांतल्या मोठ्या मुलाला मत विचारावयाचें असतें, हें आम्ही त्यांच्याकडून पाहिलें होतें. मीं तें पाहिलें होतें; पण मी तें शिकलों नव्हतों.

वडील गेल्यावर शिरूरचें घर आम्हां दोघांच्या नांवावर झालें. रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतीमुळें जागेचे भाव चढले होते, आणि माझ्या मुलाच्या शिक्षणाला पैसा हवा होता. २००८ सालीं मीं गिऱ्हाईक पाहिलें, भाव ठरविला, इसार घेतला, आणि त्यानंतर दादाला कळविलें. तो ठरल्या दिवशीं आला, कचेरींत सही केली, चहा नको म्हणाला आणि मिळेल त्या एस.टी.नें परत गेला. त्याच्या वांट्याची रक्कम मीं पैन् पै पोहोंचती केली. व्यवहार चोख होता. त्यांत कोणालाहि बोट ठेवायला जागा नव्हती. चुकलें एवढेंच, कीं तंबूंतल्या सिनेमापासून रामायणापर्यंत ज्याचें मत ऐकल्यावांचून मला चैन पडत नसे, त्याला मीं ह्या एका गोष्टींत मत विचारलें नाहीं. त्या दिवसानंतर दादा शिरूरला आला नाहीं, आणि फोनहि बंद झाला.

२०१० च्या आरंभीं 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' चित्रपटगृहांत लागला. तो पाहून मी आलों आणि चारपांच दिवसांनीं रात्रीं फोन वाजला. जवळजवळ दोन वर्षांनीं मी तो आवाज ऐकत होतों. "फाळक्यांचा पाहिलास का?" "पाहिला." "कसा काय वाटला?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. "चांगला आहे," मी कसाबसा म्हणालों. दादा म्हणाला, "मलाहि आवडला. फाळक्यांनीं सिनेमापायीं घर पणाला लावलें. पण बायकोला विचारून, पोरांना बरोबर घेऊन. म्हणून तें घर शेवटपर्यंत हंसतें आहे." एवढें बोलून त्यानें फोन ठेवला. आमच्या घराचा उल्लेख त्यानें केला नाहीं. मींहि केला नाहीं. पुढच्या रविवारीं पुन्हां फोन आला.

तेव्हांपासून आजवर आम्ही केवळ चित्रपटांविषयीं बोलत आलों आहों. ऐकणाराला वाटेल, दोन म्हातारे रिकामपणीं गप्पा छाटीत आहेत. परंतु माणूस चित्रपटाविषयीं बोलतो तेव्हां केवळ चित्रपटाविषयींच बोलतो, ही समजूत मला फारशी खरी वाटत नाहीं. २०२० च्या टाळेबंदींत २८ मार्चपासून दूरदर्शननें 'रामायण' पुन्हां दाखविलें. तेव्हां आमचा फोन रोज होऊं लागला. भरतभेटीचा भाग झाला त्या रात्रीं मात्र तो आला नाहीं. दुसऱ्या दिवशीं दादा म्हणाला, "काल आमच्याकडे लाइट नव्हती." वहिनींनीं पुढें कधीं तरी बोलतां बोलतां मला सांगितलें, कीं लाइट होती.

२०२३ सालीं 'बाईपण भारी देवा' आला. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धेसाठीं पुन्हां एकत्र येतात, अशी त्याची कथा. गांवोगांवच्या बायका घोळक्यानें तो पाहायला गेल्या. वहिनीहि आपल्या भिशीच्या मैत्रिणींबरोबर गेल्या आणि घरीं आल्यावर दादाला घेऊन पुन्हां गेल्या. रविवारीं मीं मुद्दाम विचारलें, "कसा काय वाटला?" दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बायकांनीं कामें छान केलीं आहेत. पण शेवटीं फार लौकर जुळलें. इतक्या लौकर जुळत नाहीं." मी "हो" म्हणालों. दुसरें काय म्हणणार?

हल्लीं जो तो आपापला मोबाईल घेऊन, कानांत बोळे घालून एकटा पाहतो, म्हणून आमच्या वयाचीं माणसें फार हळहळतात. मी त्या हळहळींत सामील होत नाहीं. एकटें पाहण्यानें फारसें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें पाहून झाल्यावर कोणी विचारीत नाहीं म्हणून. दादाची नात चित्रपट दुप्पट वेगानें पाहते. एकदां तिला "कसा वाटला?" म्हटलें, तर ती म्हणाली, "पांचपैकीं साडेतीन." दादा म्हणाला, "उरलेला दीड कुठें गेला, तें सांग." ती मुलगी कानांतले बोळे काढून अर्धा तास त्याच्यापुढें बसली आणि तो दीड कुठें गेला तें हातवारे करून सांगत राहिली. मत कोणापाशीं नसतें? तें ऐकून घ्यायला कोणी तरी थांबावें लागतें.

गेल्या महिन्यांत दादाच्या डोळ्यांतील मोतीबिंदु काढला. त्याला पाहायला मी दौंडला गेलों. डोळ्यावर काळा चष्मा होता. डॉक्टरांनीं टी.व्ही. पाहायला परवानगी दिली आहे असें सांगून तो म्हणाला, "आज 'शेजारी' लाव. बाबा नेहमीं सांगत असत, आपण कधीं नीट पाहिला नाहीं." पुण्याच्या प्रभातचा, शांतारामबापूंचा हा १९४१ सालचा बोलपट. केशवराव दाते यांचा जिवबा आणि गजानन जागीरदार यांचा मिर्झा. जिवाला जीव देणारे दोन म्हातारे शेजारी. गांवाजवळ धरण बांधणारा धनिक त्यांच्यांत वितुष्ट पाडतो, आणि अखेर तें धरण फुटतें त्या प्रलयांत दोघे एकत्रच जातात. घोड नदीचें चिंचणीचें धरण पाहत वाढलेल्या आम्हां दोघांना तो शेवट पाहणें सोपें गेलें नाहीं. पडदा काळा झाला. आम्ही बराच वेळ तसेच बसलों.

"फार उशीर केला," दादा म्हणाला.

"कुणी?"

"दोघांनीं."

मी म्हणालों, "त्या बहिणींचें फार लौकर जुळलें म्हणालास, ह्यांचें फार उशिरा. मग जुळावें तरी केव्हां?"

"मध्यंतराच्या सुमारास," तो म्हणाला. "म्हणजे पुढचा अर्धा बघायला उरतो."

खिडकींतून फलाटावरील घोषणा अस्पष्ट ऐकूं येत होती. मी म्हणालों, "दादा, इसार घेण्याआधीं मीं तुला विचारायला हवें होतें."

त्यानें काळा चष्मा काढला, रुमालानें डोळा हलकेच टिपला. डॉक्टरांनीं टिपायला सांगितलाच होता. मग म्हणाला, "विचारलें असतेंस, तर 'वीक' असेंच म्हणालों असतों. पोराच्या शिक्षणाहून भिंती मोठ्या नसतात. पण विचारायला हवें होतेंस."

आंतून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पिठलं टाकलंय, जेवल्याशिवाय जायचं नाही." जेवण झालें. निघतांना दादा दारापर्यंत आला आणि म्हणाला, "येत्या रविवारीं फोन करणार नाहीं. मी शिरूरला येतों. काय लागलें आहे तें बघून ठेव."

मीं तें बघून ठेवलें आहे. चित्रपट फारसा बरा नाहीं असें ऐकतों. मला त्याची काळजी वाटत नाहीं.