मागचे पुढे

आपल्याला टक्कल पडतंय ही बातमी आपल्याला सर्वांत शेवटी कळते. आधी न्हाव्याला कळते, मग बायकोला, मग एस.टी.त मागच्या सीटवर बसणाऱ्यांना. मला ती गेल्या दिवाळीत, मुलीच्या साखरपुड्याचे फोटो आल्यावर कळली. एका फोटोत कोणी गृहस्थ वाकून पेढ्यांचे पुडे मोजत होते आणि दिव्याचा सगळा प्रकाश त्यांच्या डोक्यावर पडला होता.

"हे मुलाकडचे कोण गं?" मी विचारलं.

"बाबा, तुम्हीच की!"

लग्न वैशाखात होतं. म्हणजे हातात सहा महिने. त्याच रात्री मी एक कोरी वही काढली, वर 'श्री' घातला आणि खाली लिहिलं, 'केशरोपण : नियोजन'. घर बांधताना मी अशीच वही केली होती. घराचं काय झालं ते सोडा, पण वही अजून उत्तम स्थितीत आहे.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांच्या डोक्यावर भरघोस केस होते. दंतवैद्याचे दात आणि केसांच्या डॉक्टरचे केस पाहूनच माणसानं त्यांच्या खुर्चीत बसावं. त्यांनी भिंग लावून माझं डोकं पाहिलं, पेनानं कपाळावर एक रेघ ओढली आणि म्हणाले, "२,५०० ग्राफ्ट लागतील." ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढलेला गुच्छ. एका गुच्छात एक ते चार केस.

"इतके नवीन केस?" मी हरखलो.

"नवीन कुठले? तुमचेच. मागचे काढायचे, पुढे लावायचे."

हा व्यवहार मला फार ओळखीचा वाटला. एका खात्यातले काढून दुसऱ्या खात्यात भरायचे आणि चार दिवस श्रीमंत झाल्यासारखं वाटून घ्यायचं, यावरच तर आमचा संसार इतकी वर्षं चालला आहे!

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. ज्या हार्मोनमुळे पुढचे केस गळतात, त्याला मागचे सहसा दाद देत नाहीत. न्यू यॉर्कच्या ऑरेंट्राइक नावाच्या डॉक्टरांनी १९५९ साली दाखवून दिलं, की मागचा केस पुढे नेऊन लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही. कोकणातला माणूस चाळीस वर्षं मुंबईत राहिला तरी गणपतीला गावी जातोच, तसं. मात्र मागचा साठा मर्यादित. काढला तिथे पुन्हा उगवत नाही. "म्हणून सगळे आत्ताच खर्च करायचे नाहीत," डॉक्टर म्हणाले. "सत्तराव्या वर्षी कसं दिसायचं याचाही विचार आज करायचा." मी वहीत 'शिल्लक' असा रकाना आखला. दर ग्राफ्टमागे ४० रुपये. एकूण १ लाख.

मग वेळापत्रक. शस्त्रक्रियेला सहा ते आठ तास. भूल फक्त डोक्यापुरती, बाकीचा मी जागा. आधी सगळं डोकं बारीक करायचं. नंतर दहा-बारा दिवस खपल्या. आणि त्यानंतर काही आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळणार.

"गळणार?"

"घाबरू नका. मुळं आत राहतात. तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात. पूर्ण यायला वर्ष."

घरी येऊन मी सौ.समोर हिशेब मांडला. मार्गशीर्षात लावणी, पौषात गळती, चैत्राच्या सुमारास अंकुर.

"आणि वैशाखात?"

"वैशाखात... नुकते वर आलेले."

"म्हणजे रोहिण्या लागलेलं शेत दिसणार," सौ. म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "अहो, पण लग्नात मुलीच्या बापाला फेटा बांधतात ना?"

मी वही मिटली. १ लाख रुपये खर्चून आणलेलं पीक मी आठ मीटर कापडाखाली झाकून फिरणार होतो, हे माझ्या नियोजनात कुठेच आलं नव्हतं.

तेवढ्यात आतून अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ८२. डोक्याचा वरचा भाग स्वच्छ. गेली पंचवीस वर्षं मी या विषयातलं सगळं खापर त्यांच्यावर फोडत आलो आहे. पण डॉक्टरांनी भलतंच सांगितलं होतं. टकलाला कारण होणारा एक महत्त्वाचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलाला तो आईकडूनच मिळतो. "तुमचे मामा कसे आहेत?" त्यांनी विचारलं होतं. मामांचं मला सांगता येईना. मामा झोपतानासुद्धा टोपी काढत नसत.

हे ऐकून अण्णांचा चेहरा उजळला. "तरी मी तुझ्या आईला सांगत होतो!" आणि त्यांनी हार घातलेल्या फोटोकडे अशा काही विजयी मुद्रेनं पाहिलं, की आई असती तर तिनं तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं.

रात्री मी पुन्हा वही उघडून बसलो होतो. अण्णा हळूच येऊन शेजारी बसले.

"मागचे केस लागतात म्हणालास ना?"

"हो."

अण्णांनी कानटोपी काढली आणि माझ्याकडे पाठ फिरवली. या कानापासून त्या कानापर्यंत पांढरीशुभ्र झालर होती. मी ती इतक्या जवळून कधी पाहिलीच नव्हती.

"माझे बरेच आहेत. आता या वयात मला ते काय करायचेत? तू घे. पोरीच्या लग्नात तू नीट दिसायला हवास. पांढरे असले तर कलप लाव."

मी सांगितलं, "अण्णा, दुसऱ्याचे चालत नाहीत. शरीर ते धरत नाही."

"मी दुसरा आहे होय?"

याला डॉक्टरांकडे उत्तर असेल. माझ्याकडे नव्हतं. मी त्यांना कानटोपी घालून दिली आणि अंथरुणापर्यंत पोचवलं.

शस्त्रक्रिया आता लग्नानंतर बघायची असं ठरलं आहे. फेटे दोन सांगितलेत, एक माझा आणि एक अण्णांचा. वही मात्र मी ठेवली आहे. तीत खर्चाची सात पानं आहेत आणि जमेला एकच ओळ : 'अण्णांकडून, मागचे सर्व.'