परवाना दहा वर्षांचा

माझ्याकडे अमेरिकेचे दोन सरकारी कागद आहेत. एक एच-वन-बीची मंजुरी, तीन वर्षांची, कंपनीच्या नावाला बांधलेली. दुसरा हॅम रेडिओचा परवाना, दहा वर्षांचा, फक्त माझ्या नावावर. पहिल्यासाठी वकील, फायली आणि लॉटरी लागली. दुसऱ्यासाठी दोन लेखी परीक्षा दिल्या, प्रत्येकी ३५ प्रश्नांच्या. २६ बरोबर आले की पास. तिथे नागरिकत्व कुणी विचारत नाही, पत्रव्यवहारासाठी इथला पत्ता लागतो एवढंच.

ओहायोतल्या माझ्या भाड्याच्या घरात बाहेर अँटेना लावायला परवानगी नाही. आत लावावी तर चार्जर, एलईडी दिवे, राउटर या सगळ्यांची मिळून इतकी खरखर, की माणसाचा आवाज त्यात बुडून जातो. म्हणून मी रेडिओ घेऊन बागांमध्ये, म्हणजे इथल्या स्टेट पार्क आणि नॅशनल पार्कमध्ये जायला लागले. सामान एका सॅकमध्ये मावतं: दहा वॅटचा सेट, लिथियम बॅटरी, दहा मीटर वायर आणि ती उभी करायला फायबरग्लासची घडीची काठी. झाडांना वायर बांधलेली बऱ्याच ठिकाणी चालत नाही, म्हणून काठी.

असं करणारे पुष्कळ आहेत. २०१६ साली अमेरिकेच्या नॅशनल पार्क सेवेला शंभर वर्षं झाली, तेव्हा इथल्या हॅम मंडळींनी वर्षभर पार्कांमधून रेडिओ चालवला. वर्ष संपलं, पण हौस संपेना. त्यातूनच 'पार्क्स ऑन द एअर' हा खेळ उभा राहिला. नियम साधा: एका दिवसात पार्कातून किमान दहा जणांशी संपर्क झाला, तरच तुमची फेरी धरली जाते. दिवस मात्र जागतिक वेळेनुसार मोजायचा. पार्कात जाणारे ते ॲक्टिवेटर, घरी बसून त्यांना शोधणारे ते हंटर.

गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी माझी नोकरी गेली. एच-वन-बीवाल्याला अशा वेळी जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज भरला पाहिजे, नाहीतर बॅगा भरायच्या. पहिल्या आठवड्यात मी दिवसाला पंधरा-पंधरा अर्ज केले. साताऱ्याहून आई रोज व्हिडिओ कॉल करायची. "जेवलीस का गं?" हा पहिला प्रश्न, "काही कळलं का?" हा दुसरा. मित्र विचारायचे, रिक्रूटर विचारायचे, "स्टेटस काय?" सगळ्यांना माझी काळजी होती. पण त्या काळजीला उत्तर देऊन देऊन मी थकले होते.

इंटरव्ह्यू नसेल त्या दिवशी मी गाडी काढायचे. हॉकिंग हिल्स, कायाहोगा व्हॅली, आणि एकदा थेट मिशिगन सरोवराच्या काठावरचं इंडियाना ड्यून्स.

वीस मीटरच्या बँडची एक गंमत आहे. आपला सिग्नल वर आयनोस्फियरपर्यंत जातो आणि तिथून वाकून शेकडो मैलांवर खाली उतरतो. मधल्या पट्ट्यात काहीच पडत नाही. त्यामुळे ड्यून्सवरून समोर पाण्यापलीकडचं शिकागो दिसतं, पण तिथल्या माणसाला मी ऐकू येत नाही. टेक्सासमधल्याला येते. घर सोडून लांब राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

त्या दिवशी नऊ संपर्क झाले आणि बँड थंड पडला. पाऊण तास मी "सी क्यू, सी क्यू" करत राहिले. वाळू सेटच्या बटणांत शिरत होती. आणि मग खरखरीतून एक म्हातारा आवाज आला, स्पेनमधून. माझा कॉलसाईन त्याने दोनदा विचारून घेतला. मी नाव सांगितलं: माइक, रोमियो, युनिफॉर्म, नोव्हेंबर, अल्फा, लिमा. ऑफिसात 'मृणाल' कुणाला जमलं नव्हतं, तिथे मी 'एम' झाले होते. या माणसाने एकेक अक्षर लिहून घेतलं आणि नाव परत म्हणून दाखवलं, जवळजवळ बरोबर. इंग्रजी त्याचंही तोडकंच होतं. रेडिओवर सगळ्यांनाच स्पेलिंग सांगावं लागतं, त्यामुळे उच्चारांची लाज कुणालाच नसते.

त्याने सिग्नल कसा येतोय ते सांगितलं, पार्कचा नंबर विचारला, सेव्हंटी-थ्री म्हणजे शुभेच्छा दिल्या आणि गेला. दीड मिनिट. त्यात स्टेटसचा विषय नव्हता. मी कुठे आहे आणि ऐकू येतेय का, एवढंच त्याला हवं होतं. आणि दोन्हींची उत्तरं माझ्याकडे होती.

त्या दहाव्या संपर्कामुळे नोकरी मिळाली नाही. ती पन्नासाव्या दिवशी मिळाली, आधीपेक्षा कमी पगाराची. पण त्या संध्याकाळी गाडी चालवत परतताना मी पहिल्यांदा शांतपणे विचार केला, की जावं लागलं तर जाऊ. भारतातही परीक्षा देऊन परवाना मिळतो, वयाच्या बाराव्या वर्षापासून. २००४च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांचा चमू हौसेखातर अंदमानात रेडिओ लावून बसला होता. फोन बंद पडले तेव्हा तोच सेट निरोपांसाठी कामी आला.

ऐकायला मात्र परवानासुद्धा लागत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा, १४ मेगाहर्ट्झच्या थोडं वर जा, 'यूएसबी' निवडा आणि हेडफोन लावा. भारतातल्या संध्याकाळी तिथे चांगली गर्दी असते. खरखरीत कुणीतरी आपलं नाव अक्षर-अक्षर सुटं करून सांगत असेल.