अम्मींच्या हाताची कात्री

आमच्या घरात कात्र्या तशा चार. एक शिवणाची, तिला कापडाशिवाय दुसरं काही दाखवायचं नाही, असा अम्मींचा नियम आहे आणि तो मोडायची कुणाची हिंमत नाही. दुसरी स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्या कापते, तिसरी शाळेच्या तक्त्यांसाठी, चौथी औषधांच्या डब्यात. झाडांसाठी मात्र वेगळी कात्री कधी नव्हतीच. मिरजेतल्या आमच्या घरामागे जेमतेम दोन खोल्यांएवढी मोकळी जागा आहे. तिथे अम्मींनी आठ-नऊ गुलाब, एक कागदी लिंबू, एक डाळिंब, मोगऱ्याची दोन झुडपं आणि कुंपणाला मेंदी लावली आहे. हे सगळं त्या आजवर एका जुन्या कोयतीने सांभाळत आल्या.

गेली दोन वर्षं त्यांचा उजवा अंगठा आणि मनगट धरतं. डॉक्टरांनी सांधेवात सांगितला. सकाळी बोटं मोकळी व्हायलाच वेळ लागतो. कणीक मळणं सुटलं, शिवण जवळजवळ सुटलं. बागेचं काय, हा प्रश्न घरात सगळ्यांच्या मनात होता. बोलून दाखवला तो धाकट्याने. "दादी, आता माळी लावू या ना!" अम्मी काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फज्रनंतर आम्हाला म्हणाल्या, "माळी येईल तेव्हा येईल. तोवर माझ्या हातात धरता येईल असं काहीतरी आणा."

सांगलीच्या शेती साहित्याच्या दुकानात 'छाटणीची कात्री' मागितली तर दुकानदार दोनदा विचारतो. 'सिकेटर' म्हटलं की लगेच खोकी उघडतो. फ्रेंच भाषेतला हा शब्द इंग्रजीतून आपल्या द्राक्षबागांत आला आणि इथलाच होऊन गेला. अम्मींना आम्ही सोबतच नेलं होतं. चप्पल आणि सिकेटर दुसऱ्याच्या मापाने घेता येत नाही. शिवाय घरून गुलाबाच्या आणि लिंबाच्या चार ओल्या फांद्या, दोन वाळक्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या होत्या. दुकानदार हसला, पण कापून बघायला नाही म्हणाला नाही.

त्याने पहिली पुढे केली ती रॅचेटची. आत दाते असतात. एकदा दाबलं की पातं थोडं शिरतं आणि तिथेच थांबतं, पुन्हा दाबलं की आणखी शिरतं. तीन-चार हलक्या दाबांत जाड काडी तुटते. "म्हाताऱ्या माणसांना हीच बरी," तो म्हणाला. अम्मींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "ये तो सरोता है!"

बरोबर बोलल्या. पानदानातला सरोता, म्हणजे अडकित्ता, ज्यांच्या घरात आहे त्यांना सिकेटरचे दोन प्रकार वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. एका प्रकारात धारेचं पातं खालच्या सपाट पट्टीवर येऊन टेकतं, सरोत्यासारखं. त्याला इंग्रजीत ॲन्व्हिल म्हणतात. दुसऱ्यात धारेचं वाकडं पातं खालच्या बोथट आकड्याला घासून पुढे निघून जातं, कात्रीसारखं, ते बायपास. सुपारीसारखी वाळलेली, कडक वस्तू सरोत्याने उत्तम फुटते. ओली फांदी मात्र त्याच्या पट्टीवर चेंगरते. आम्ही तिथेच करून पाहिलं. रॅचेटने कापलेल्या गुलाबाच्या काडीची साल एका बाजूने दबून सुटली होती. बायपासने कापलेली काडी पेन्सिलच्या टोकासारखी स्वच्छ. साल फाटली की जखम भरायला वेळ लागतो, आणि तिथून बुरशी आत शिरते, फांदी वरून खाली वाळत येते. गुलाब लावणाऱ्यांनी हे पाहिलेलं असतं.

म्हणजे पेच असा, की अम्मींच्या हाताला सरोता सोपा आणि झाडाला कात्री. आम्ही आपसात रॅचेटकडे झुकलो होतो. झाडापेक्षा अम्मींचा हात आम्हाला मोठा. पण अम्मींनी सरळ सांगितलं, "माझा हात दुखतो म्हणून झाडाला का चेंगरायचं?"

मग आम्ही बायपासमध्येच हात शोधायला लागलो. कितीही बारीक काडी असो, अम्मींना कापताना फारसा त्रास नव्हता. त्रास होता तो मूठ उघडताना. सिकेटरच्या दोन दांड्यांमध्ये स्प्रिंग असते आणि ती प्रत्येक कापानंतर मूठ फाकवते. मोठ्या मापाच्या सिकेटरमध्ये त्यांचा अंगठा इतका ताणला जाई की दहाव्या कापाला त्यांनी ती खाली ठेवली. स्प्रिंग ताठ असेल तर दाबतानाही तिच्याशीच भांडावं लागतं. म्हणून लहान मापाची, सैल स्प्रिंगची, दांड्या कमी उघडणारी हवी. काहींना कुलपाच्या दोन खाचा असतात. एक पूर्ण बंद करायची, दुसरी अर्ध्यावर उघडी ठेवायची. लहान हाताला आणि बारीक कामाला ही दुसरी खाच फार उपयोगी. कुलूप अंगठ्याने सहज सरकतं का, हेही अम्मींकडूनच करून घेतलं. आमच्या अंगठ्याला सगळीच कुलपं सहज वाटत होती.

धार बघायची सोपी रीत म्हणजे वर्तमानपत्राचा कागद. पात्याच्या टोकाशी कापून बघावा. कागद दुमडून मध्ये अडकला तर पातं आणि आकडा नीट भिडत नाहीत, ती घेऊ नये. मधल्या बोल्टला नट आहे की कायमचा रिबेट ठोकलेला, हेही बघावं. नट असेल तर खोलता येते, घासता येते, सैल झाली तर आवळता येते. स्वित्झर्लंडच्या फेल्को कंपनीचं नाव बागायतदार आदराने घेतात ते याच कारणाने. १९४५ पासूनची ही कंपनी पातं, स्प्रिंग, बोल्ट असा एकेक भाग सुटा विकते, आणि लहान हातासाठी, डावखुऱ्यांसाठी वेगळी मॉडेलं बनवते. किंमत मात्र हजारांत. एकरभर बाग असती तर आम्ही घेतलीही असती. आठ गुलाबांसाठी लुधियानाच्या फाल्कनसारखी देशी, लहान मापाची, नट-बोल्टची पुरेशी वाटली. लाल दांड्याची घेतली, पाचोळ्यात पडली तर दिसावी म्हणून.

उरलेलं शिक्षण मामूंनी दिलं. त्यांची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीला येणारे कामगार आपापली सिकेटर खिशात घेऊन येतात आणि दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, हे त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. डाळिंबाबद्दल मात्र त्यांचा आवाज बदलला. तेल्या हा जिवाणूंचा रोग. रोगट फांदी कापलेलं पातं तसंच पुढच्या झाडाला लावलं तर आपणच रोग नेऊन पोचवतो. म्हणून एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसायचं. नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालूनही चालतं, पण त्याने लोखंड गंजतं. नंतर धुऊन, कोरडं करून तेलाचं बोट फिरवावं लागतं. आम्ही स्पिरिटची बाटली आणि कापूस एका डब्यात घालून बागेच्या दाराशी ठेवला. आणखी एक गोष्ट त्यांनी हात धरून दाखवली. कापताना धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे आणि बोथट आकडा टाकून द्यायच्या फांदीकडे ठेवायचा. दबलेली साल मग टाकलेल्या तुकड्यावर जाते.

उर्दूत छाटणीला शाखतराशी म्हणतात. तराशणं म्हणजे घडवणं, मूर्ती किंवा हिरा घडवतात तसं. वर्गात हा शब्द आला की आम्ही जरा थांबतो. मराठीत 'छाटणे' म्हटलं की काहीतरी गेलं असं वाटतं, उर्दूत काहीतरी उरलं असं. आणि 'कलम' तर दोन्ही भाषांत लेखणीही आहे आणि गुलाबाचं कलमही. बोरूचं टोक तिरकं कापायचं, गुलाबाची काडीही तिरकीच. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, उतार डोळ्यापासून पलीकडे, म्हणजे पाणी डोळ्यावर थांबत नाही. मुलांना हे फळ्यावर काढून दाखवलं तर लगेच कळतं.

या ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर अम्मींनी स्टूल टाकून गुलाब छाटले. एका दिवसात दोनच झुडपं, मग विश्रांती. पाच दिवसांत सगळे झाले. कामाची वाटणी ठरली आहे. पेन्सिलीपेक्षा बारीक ते अम्मींचं, जाड ते आमचं, छोट्या करवतीने. लिंबाच्या जाड कापावर मोरचूद-चुन्याचा लेप आम्ही लावतो आणि तो नीट लागला की नाही हे त्या बघतात. आमचे दोन काप त्यांनी परत करायला लावले. डोळा आतल्या बाजूचा निवडला होता म्हणे. छाटणीनंतर साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत फूल येतं, तेव्हा अजून वेळ आहे. लिंबाचे पाणसोट राहिलेत. ते आमच्या वाटणीचे, आणि अम्मी रोज सकाळी चहा देताना त्यांची आठवण करून देतात.